दोनशे बारा किलोमीटरवरचं पाणी

२ मार्च

शी! पहिलाच दिवस, आणि बारकीने नाक शिंकरलं ते थेट माझ्या चष्म्यावर.

विचारलं तर म्हणते, वारा उलटा होता. म्हणजे चूक वाऱ्याची! एक बोट नाकपुडीवर दाबायचं, मान वळवायची आणि द्यायचं सोडून – ही आमच्या नणंदबाईंची रीत. दोघांच्या सायकलवर मागे बसणाऱ्याच्या नशिबी हेच. हँडल पुढचीच्या हातात, ब्रेक पुढचीच्या हातात, डोंगर बघायचे तेही पुढचीनेच. मागचीने पायडल मारायचं, वहीत नोंदी करायच्या आणि दिवसभर पुढचीची पाठ बघायची. घरात तिला बारकी म्हणतात, पण आहे पावणेसहा फूट. पाठ त्या मानानेच. आठ तास मी त्या पाठीवर घाम पसरताना पाहिला. मानेपाशी सुरू होतो आणि दुपारी कमरेला पोचतो.

निघालो स्टेशनवरून. पूर्वी हा मार्ग जुन्या बसडेपोपासून सुरू व्हायचा, ते बरं होतं. आता लोक रेल्वेने येतात म्हणून शून्य किलोमीटर स्टेशनवर. त्यामुळे पहिले एकोणीस किलोमीटर कातडी कमावण्याच्या कारखान्यांमधून! तो वास अजून केसांत आहे.

मुक्काम रस्ता खात्याच्या खोलीत. बेसिनमध्ये कुणाचे तरी केस. गादीवर डाग – कसले ते बघायला मी वाकले नाही. माझी चादर अंथरली, चारही कोपरे खोचले. बारकी बघून हसली. हसू दे.

मी कशाला आले ते लिहून ठेवते, म्हणजे मध्येच पाघळायला नको. दोनशे बारा किलोमीटरवर पाणी आहे की नाही, ते माझ्या डोळ्यांनी बघायला. आहे असं माझ्या नवऱ्याने वहीत लिहिलं आणि त्यावर विसंबून एक माणूस मेला. पाणी नसेल, तर अकरा तारखेच्या सुनावणीत मी नवऱ्याच्या बाजूने उभी राहणार नाही. त्याच्या घरातही राहणार नाही. तेवीस वर्षं झाली, पुरे झाली.

३ मार्च

ढुंगण सोललं. आज यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

४ मार्च

छप्पन्न किलोमीटर, त्यातले वीस तरी सायकल ढकलत. खडी इतकी सुटी की चाक एकीकडे आणि आपण दुसरीकडे. झाड नाही, झुडूप नाही, सावली म्हणून जी आहे ती सायकलची. लोक पैसे देऊन इथे येतात! कशाला येतात ते मला आजवर कळलेलं नाही. एकदा नवऱ्याला विचारलं होतं, तर म्हणाला, 'तिथे डोकं रिकामं होतं.' मी म्हटलं, तुझं भरलं होतं कधी?

आणि माश्या. घामावर बसतात, डोळ्यांच्या कोपऱ्यात बसतात, तोंड उघडलं की आत. मी आज दोन गिळल्या. बारकी म्हणते तिने मोजणं सोडून दिलंय.

संध्याकाळी तिने मोजे काढून हँडलवर वाळत घातले. धुतले नाहीत, नुसते वाळत घातले! उद्या तेच चढवणार. आणि त्याच हातांनी उकडलेला बटाटा सोलून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, मला भूक नाही. मग पाठ वळवून बिस्किटं खाल्ली.

हिचा बाप असा नव्हता. सासरे कडक शिस्तीचे. सायकलीचं दुकान त्यांनी काढलं आणि वहीही त्यांनीच सुरू केली. या उजाड मुलखातून तीनशे चाळीस किलोमीटर सायकलवर जायची ज्यांना हौस, त्यांना आम्ही सायकल भाड्याने देतो आणि सोबत ही वही. कितव्या किलोमीटरवर पाणी, कुठला उतार घातकी, कुठे दुकान, कुठे चौकी. दर वर्षी घरातलं कुणीतरी सगळा मार्ग स्वतः सायकलवर जाऊन तपासतं. सासऱ्यांचा नियम होता – स्वतः प्यायल्याशिवाय पाणी वहीत लिहायचं नाही, आणि प्यायलं की तिथे जुन्या ट्यूबची पट्टी बांधून यायचं. पट्टी दिसली की समजायचं, आपल्यातलं कुणीतरी इथलं पाणी पिऊन जिवंत परतलंय. कच्ची वही घरी आली की पक्की करायचं काम माझं, कारण बाकी सगळ्यांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

नेहमी हे भाऊबहीण जोडीने जायचे, जुनी पट्टी काढून नवी बांधायचं काम बारकीचं. गेल्या वर्षी बारकीचा पाय प्लास्टरमध्ये. मग तो एकटाच गेला, आणि चार दिवस आधीच परत आला. म्हणाला, वारा पाठीशी होता. तीनशे चाळीस किलोमीटर वारा पाठीशी! तेव्हा मला काही वाटलं नाही. आता लोक म्हणतात, निम्म्या मार्गाला त्याने पायच लावला नाही, ट्रकमध्ये बसून आला आणि जुन्या आठवणींवर वही भरली. मला राग याचा येतो की हे मला लोकांकडून ऐकावं लागलं.

५ मार्च

आज एक दुकान लागलं. एकच दुकान, एकच फळी, फळीवर माशांचे डबे, बिस्किटं आणि उंदरांच्या लेंड्या. दुकानदार आधी चांगला बोलत होता. आमची वही पाहिली आणि तोंड फिरवलं. 'तुमच्याच वहीवाला ना तो, मेला तो?' एवढंच म्हणाला. बिस्किटं फोडली तर आत पोरकिडे. बारकीने झटकून खाल्ली! वर माशाचा डबा, तोही बोटांनी. मी बाहेर जाऊन सायकलपाशी उभी राहिले.

पण दुकानदाराला काय बोलणार? मेलेला माणूस शाळेत शिक्षक होता, एकेचाळीस वर्षांचा, बेफिकीर म्हणावा असा अजिबात नाही. आमच्या दुकानात दोन तास बसून त्याने वहीतली प्रत्येक नोंद विचारून घेतली होती. तो गेल्यावर त्याची आई आमच्या दुकानात आली. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. स्टुलावर बसली आणि नवऱ्याला विचारलं, 'पाणी होतं का हो तिथे?' आणि हा माणूस काय म्हणाला? 'चूक माझी आहे.' काय चूक? कसली चूक? तेवढंच. ती बाई पुन्हापुन्हा विचारत होती आणि हा जमिनीकडे बघून तेवढंच बोलत होता.

मग चौकशी अधिकारी आला. त्याने सरळ सांगितलं – जाऊन आला असाल आणि आकडा चुकला असेल तर परवाना जाईल, दंड होईल. न जाताच नोंद केली असेल तर तुरुंग. कच्ची वही दाखवा. आणि कच्ची वही सापडेना! मी माळे काढले, गाद्या उलट्या केल्या, दुकानातला टायरचा ढिगारा उपसला. नवरा बघत उभा. एका बोटाने मदत नाही. अधिकाऱ्याने मला विचारलं, पक्की वही तुम्ही केली, ती कच्चीबरहुकूम आहे का? मी म्हटलं, एका अक्षराचा फरक निघाला तर माझं नाव बदलून ठेवा. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या क्षणी माझ्या मनातून तो उतरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तेव्हापासून सायकलला शिवत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चाकं सरळ करतो. सरळ असलेलीच चाकं. जेवायला हाक मारली की येतो. मला समोर बसून जेववत नाही आता.

अकराला तो काहीतरी लिहून सही करून देणार आहे. काय लिहिणार ते मला सांगत नाही.

६ मार्च

एकशे अठ्ठ्याऐंशी. पुलाखाली झरा. वहीत आहे, तिथे आहे, एक किलोमीटर इकडे नाही की तिकडे नाही. खांबाला ट्यूबची पट्टी. गाठ त्याची – दोनदा मारलेली आणि टोक आत खोचलेलं. मी ती गाठ कुठेही ओळखीन, माझ्या लोणच्या–मुरंब्याच्या बरण्यांचे दादरेही तो असेच बांधतो.

म्हणजे इथवर तरी आला होता.

बारकीला म्हटलं. ती नुसती हं म्हणाली आणि झऱ्यात डोकं बुडवलं. मग त्याच पाण्यात तोंड धुतलं, पाय धुतले, आणि वर मला म्हणते, बाटल्या भर. आधी बाटल्या भरायच्या की आधी पाय धुवायचे, हे या घरात कुणी शिकवलंच नाही काय? मी पन्नास पावलं वर जाऊन भरल्या.

खरं तर हिला बडबड लागते. दुकानात एकटी असली तरी सायकलशी बोलते. या वेळी पाच दिवसांत धड पाच वाक्यं नाहीत. मला हिनेच गळ घातली होती – वहिनी, चल, दादा गेला होता की नाही ते बघून ये, मग काय ते ठरव. मला वाटलं भावाची वकिली करत करत नेईल. तर तोंडाला कुलूप.

पुढचं पाणी दोनशे बारा. पान एकतीस, पहिलीच ओळ. 'डाव्या हाताला तीनशे पावलं. उभा चिरलेला मोठा दगड, त्यामागे दगडी टाकं. बारमाही. गोड.' माझंच टपोरं अक्षर. वाचून वाचून पाठ झालंय. त्यानंतर थेट दोनशे सदुसष्टला कामगारांची चौकी. मध्ये काही नाही.

७ मार्च

नाही.

पाणी नाही. टाकं नाही. पट्टी नाही. उभा चिरलेला दगड नाही. साडेदहाला सायकलच्या मीटरवर दोनशे बारा लागलं, मी उतरले आणि पावलं मोजत गेले. तीनशे झाली. पुढे चारशेपर्यंत गेले. उजवीकडे जाऊन पाहिलं – न जाणो, डावं-उजवं झालं असेल. बारकी सायकल धरून रस्त्यावर उभी होती. हाक मारली नाही, मदतीला आली नाही, नुसती बघत होती.

एका जागी दगड उलथलेले आहेत. बरेच, गोल करून. खालची बाजू वर आलीय, तिचा रंग वेगळा. मला आधी कळलं नाही. मग रस्ता सपाट करायचं पिवळं यंत्र घेऊन एक जण येत होता तो थांबला. त्यालाच तो शिक्षक सापडला होता. मी कोण ते त्याला सांगितलं नाही.

त्याने विचारल्याशिवायच सांगितलं. 'ते दगड त्याने उलथले. नखं राहिली नव्हती हातांना. सायकल इथे रस्त्यावर उभी, चाकांत हवा, काही मोडलेलं नाही. वही छातीशी, प्लास्टिकच्या पिशवीत, पान उघडलेलं. मी म्हटलं, अरे बाबा, पुढे का नाही गेलास? पण वहीत लिहिलं होतं ना, इथे आहे म्हणून. मग तो इथेच शोधत बसला.'

मी त्याला पाण्याची बाटली देऊ केली. त्याने घेतली नाही, त्याच्याकडे पिंप होतं.

थू! थू त्या माणसावर! घरात बसून 'गोड' लिहितो! न प्यायलेलं पाणी गोड! तेवीस वर्षं मी या माणसाचे कपडे धुतले, याच्या ताटात वाढलं, याच्या शेजारी झोपले. माझ्या अक्षरात, माझ्या हाताने त्याचं खोटं उतरवलं. मला माझ्या हातांचा वास येतोय असं वाटतंय. साबणाने दोनदा धुतले, पाणी जपून वापरायचं असताना.

मुक्काम इथेच टाकला. बारकीला सांगितलं – मी घरी येणार नाही. आईकडे जाईन. ती म्हणाली, उद्या बोलू. मी म्हटलं, उद्या काय बोलायचंय? तर म्हणाली, 'उद्या सायकल चालव, मग बोलू.'

८ मार्च

कसं लिहू.

सकाळी वारा तोंडावर. तीन तासांत एकोणीस किलोमीटर. मध्येच बारकीने ब्रेक दाबले, म्हणाली, लघवीला जाऊन येते. आणि गेली रस्त्याच्या उजवीकडे. मी सायकल धरून उभी. डावीकडे पाहिलं.

उभा चिरलेला दगड. दोन मजली घराएवढा, वरपासून खालपर्यंत चीर.

मी सायकल आडवी टाकली. पावलं मोजायची शुद्ध राहिली नाही, पळाले. दगडामागे टाकं. दगडी, काठोकाठ भरलेलं, गार. काठावर एक लोखंडी कडी आणि कडीला ट्यूबची पट्टी. दोनदा मारलेली गाठ, टोक आत खोचलेलं.

आला होता तो! इथे, याच जागी, एकटा. त्याने पाणी प्यायलं आणि पट्टी बांधली. मी ओंजळीने प्यायले. गोड. खरंच गोड! मी मोठ्याने हसले, मग रडले, मग पुन्हा प्यायले. मनात म्हटलं, बाबा रे, खोटारडा नाहीस तू. वेंधळा आहेस. आकडा चुकवलास, पण आला होतास. परवाना जाईल, जाऊ दे. तुरुंग नाही. आपण दुसरा धंदा करू, टायरची पंक्चरं काढू. मला त्याला आत्ताच्या आत्ता हे सगळं सांगायचं होतं.

सायकलपाशी आले. मीटरवर दोनशे एकतीस. वहीत दोनशे बारा. दोनशे एकतीसातून दोनशे बारा गेले –

एकोणीस.

मी तिथेच रस्त्यावर बसले.

तो बापाच्या काळापासूनच्या सवयीने मीटर जुन्या बसडेपोवर शून्य करतो. गेल्या वर्षीही तशीच केली. परत आल्यावर कच्ची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, या वर्षीपासून आपण स्टेशनपासून मोजायचं. तेव्हा पक्की करताना प्रत्येक आकड्यात एकोणीस मिळव. प्रत्येक! एकशे त्रेचाळीस नोंदी. मी मिळवत गेले. एकशे एकोणसत्तरचे एकशे अठ्ठ्याऐंशी केले, पान तीस संपलं. पान उलटलं. एकतिसावर पहिली ओळ लिहिली, टपोऱ्या अक्षरात. आकडा तसाच उतरवला. दुसऱ्या ओळीत पुन्हा मिळवले.

एक ओळ.

त्या दिवशी काय झालं होतं ते आठवायचा प्रयत्न करतेय. कुणी हाक मारली का, दूध उतू गेलं का, दाराची घंटा वाजली का. काहीच आठवत नाही. बहुतेक काहीच झालं नसेल. बसले होते, चहा होता, लिहीत होते. नंतर आकडे चढत्या क्रमाने आहेत का तेही तपासलं होतं मी. एकशे अठ्ठ्याऐंशी, दोनशे बारा, दोनशे सदुसष्ट. बरोबर चढतायत.

तो शिक्षक इथून एकोणीस किलोमीटर मागे दगड उलथत होता. उतार आहे मध्ये. वारा नसता तर तासाभरात पोचला असता.

प्यायलेलं सगळं पाणी ओकले. बारकी परत आली, पाठीवरून हात फिरवला. त्या हाताला माशाचा वास होता. मी हात झटकला नाही.

९ मार्च

कामगारांच्या चौकीवर. दोनशे सदुसष्ट – आहे तिथेच. माझे बाकीचे एकशे बेचाळीस आकडे अगदी बरोबर आहेत!

पत्र्याची खोली, दोन खाटा, भिंतीवर थुंकीचे ओघळ, फरशीवर तेल. कशाचीच किळस येत नाही. सगळी किळस एका जागी गोळा झालीय.

हे लिहिलंच पाहिजे. या पानाला तरी खरं कळू दे. काल निघण्याआधी मी एकदा परत टाक्यापाशी गेले. बारकीला म्हटलं, चष्मा राहिला. आणि ती पट्टी सोडली. गाठ घट्ट होती, नखाने निघेना, दाताने ओढून सोडली. आता ती माझ्या खिशात आहे.

का? सोपं आहे. पट्टी नसली की तो तिथे गेला होता याला पुरावा नाही. डोंगरात कुणाचं तरी टाकं असेल, आमच्या वहीचा त्याच्याशी काय संबंध? तो गेला नव्हता असं ठरलं की एकोणीसचा हिशेब कुणी मांडणार नाही. लोक समजतात तेच समजतील. आणि मी? मी परत जाईन आणि सुनावणीत त्याच्या बाजूने उभी राहीन! चुकला तरी नवरा आहे माझा, असं म्हणेन. शेजारीपाजारी म्हणतील, बाई मोठ्या मनाची. तुरुंगात डबा नेईन. दर आठवड्याला, स्वच्छ फडक्यात बांधून.

एवढं सगळं मी त्या टाक्यापाशी वाकून, गाठ दातात धरून ठरवलं. पाच मिनिटं लागली असतील. ही मी! जी दुसऱ्याच्या गादीवर आपली चादर घालते.

बारकी नाक शिंकरते, पाय धुते, किडकी बिस्किटं खाते. आणि मी हिच्यापेक्षा स्वच्छ, असं सात दिवस या वहीत लिहीत आलेय. मागची पानं वाचून मला शरम वाटली. फाडणार होते, फाडली नाहीत.

आज दुपारी ती म्हणाली, जेवून घे. मी बटाटा खाल्ला. तिने सोललेला.

पट्टी खिशात आहे अजून. काय करू?

१० मार्च, सकाळी

बारकीने हात पुढे केला. म्हणाली, 'पट्टी दे वहिनी. पुढच्या माणसाला लागेल.' पाहिलं होतं तिने. दिली. ती एकटीच सायकल घेऊन छत्तीस किलोमीटर मागे निघालीय, बांधायला.

जाताना सांगून गेली. दादाने तिला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून. तुला घेऊन जायचं नाही अशी नव्हती घातली, म्हणाली.

कच्ची वही हरवलेली नाही. शिक्षक गेल्याची बातमी आली त्याच दिवशी त्याने दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, आणि कच्ची बंबात घातली. त्याला सोडवू शकेल असा तो एकच कागद होता. बारकी ओढायला गेली तर तिचा हात धरला. म्हणाला, 'तिला कळलं तर ती जगायची नाही.'

उद्या अकरा वाजता तो सही करणार आहे. काय लिहिलंय तेही तिने सांगितलं – 'मी त्या जागी गेलोच नव्हतो.'

पाण्याचा टँकर मार्गाच्या टोकाच्या शहराकडे निघतोय. त्र्याहत्तर किलोमीटर, तिथून घरी जायला रात्रीची बस. ड्रायव्हर म्हणतो, रस्ता वाईट आहे, पोचू याचा भरवसा नाही. मी पुढे बसले आहे. निघा म्हटलं.